धरणारी

सोमवारी दुपारी आईचे हात पलंगाला बांधायला मी सही दिली. गुरुवारी सकाळी आई गेली.

या दोन वाक्यांच्या पुढे लिहायला मी चार वेळा बसले आणि चारही वेळा उठले. एकदा गॅस बंद केलाय का ते बघायला, एकदा खिडकीतलं कबुतर हाकलायला. दोनदा काहीच कारण नव्हतं. पनवेलच्या फ्लॅटच्या दोन खोल्यांमधून फिरून खुर्चीपाशी परत आले आणि उभीच राहिले. कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं मी बसून काढली. बसणं ही एकच गोष्ट मला नीट येते असं मी समजत होते. आता पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानाला पाय हलायला लागतात. रविवारी सकाळी एसटी पकडून गावी जाते, तिथे दार उघडून दोन तास इकडची भांडी तिकडे करते आणि दुपारच्या गाडीने परत येते. गावी असले की इथे काहीतरी राहिलंय असं वाटतं, इथे आले की तिथे.

आईबद्दल लिहायचं तर आधी एका सिनेमाबद्दल लिहायला हवं. सिनेमा परदेशी, जुना, भुताखेतांच्या सिनेमांत ज्याचं नाव आजही पहिलं घेतात असा. एका मुलीच्या अंगात सैतान शिरतो, डॉक्टर हात टेकतात आणि मग पाद्री येतात. मी तो पहिल्यांदा पाहिला हॉस्टेलवर, भाड्याच्या व्हिडिओवर, पंधरा-वीस मुलींच्या घोळक्यात. बाकीच्या किंचाळत होत्या आणि एकमेकींना चिमटे काढत होत्या. मी भिंतीला टेकून गप्प बसले होते. मला भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा ओळखीचं काहीतरी वाटत होतं आणि ते मी कुणाला सांगू शकत नव्हते. कारण अंगात आलेल्या बाईचा घोगरा आवाज माझ्या आईच्या कानाशी दरवर्षी निघायचा.

आमचं गाव बोर्ली पंचतनहून रिक्षाने वीस मिनिटांवर. भाताची शेती, मागे डोंगर, गावाच्या तोंडाशी देवीचं देऊळ. नवरात्रात अष्टमीला संध्याकाळी ढोल सुरू झाला की देवळात काही बायकांच्या अंगात वारं यायचं. आईच्या अंगात कधी आलं नाही. आईचं काम धरण्याचं. वारं आलेली बाई घुमायला लागली, की ती खांबावर आपटू नये, पायरीवरून खाली जाऊ नये, म्हणून तिला मागून धरायला एक बाई लागते. आमच्या गावात ती आई होती. पाटलाची सून असो की मोलकरीण, ढोलाचा ठेका बदलला की कुणीतरी ओरडायचं, "धरणारीला बोलवा." आणि आई पदर खोचून उठायची.

तिची एक पद्धत होती. आधी बाईच्या केसांतल्या पिना, चाप, क्लिपा काढायच्या, कारण डोकं गरागरा फिरतं तेव्हा त्या टोचतात. मग आपला डावा पाय मागे रोवायचा, दोन्ही हात तिच्या काखेतून घालायचे आणि तिच्याबरोबर डुलायचं. थांबवायचं नाही. मग तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारायचं, कोण आलंस, काय पाहिजे. काही बायका मोठ्याने सांगायच्या, ते सगळ्या देवळाला ऐकू जायचं. काही हळू सांगायच्या, ते फक्त आईला. शेवटी बाईचं सगळं वजन तिच्या छातीवर पडायचं. वजन पडलं की झालं, असं ती म्हणायची. मग गूळ आणि पाणी.

काढलेल्या पिना ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. दुसऱ्या दिवशी एकेक बाई आमच्या पडवीत यायची. "काकी, माझा चाप ऱ्हायला का तुमच्याकडं?" आई डबा पुढे करायची आणि चहा टाकायची. चाप दोन मिनिटांत सापडायचा, पण बाई तासभर बसायची. मी आतल्या खोलीत अभ्यास करत असायचे. बोलणं ऐकू यायचं नाही. मधूनच रडणं ऐकू यायचं, आणि कधी दोघींचं हसणं.

मला या सगळ्याची लाज वाटायची. शाळेत मुलं मला बघून मान गरगर फिरवत. नववीत असताना मी वक्तृत्व स्पर्धेत अंधश्रद्धेवर भाषण केलं. त्यात देवळात घुमणाऱ्या बायका होत्या आणि त्यांना खतपाणी घालणारे अडाणी लोकही होते. माझा पहिला नंबर आला. भाषणासाठी घातलेल्या स्कर्टला आईने गरम तांब्या फिरवून इस्त्री केली होती. भाषण तिने शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून ऐकलं. घरी येताना म्हणाली, "आवाज चांगला लागतो तुझा." एवढंच.

पुढे मी त्या सिनेमाबद्दल बरंच वाचलं. भीतीवर एक लेख लिहिला, तो दिवाळी अंकात छापून आला. आणि तीन वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात लॅपटॉप घेऊन गावी गेले आणि आईला म्हटलं, "तुला एक सिनेमा दाखवते." का दाखवला ते आता खरं लिहायला हवं. तिला आवडेल म्हणून नव्हे. तिचं काम तिला माझ्या नजरेतून दिसावं, बाहेरून ते कसं दिसतं ते कळावं, असं मला वाटत होतं. आई तेव्हा पंच्याहत्तरीची होती आणि अजूनही अष्टमीला पदर खोचत होती. मला ते थांबायला हवं होतं.

दुपारची वेळ. आतल्या खोलीत खिडकी लावून घेतली. आईपुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं आणि सोललेल्या डाळिंब्यांचं ताट. लॅपटॉप स्टुलावर. ती वाल सोलत बघत होती आणि मी संवाद मराठीत सांगत होते.

"खोलीत एवढा काळोख कशाला केलाय?" तिने पाचव्या मिनिटाला विचारलं. "दिवा लाव म्हणावं त्यांना."

"सिनेमा आहे, आई."

"सिनेमा असला म्हणून काय झालं? पोरगी आजारी हाय ना?"

मी घाबरवण्याच्या जागा आल्या की तिच्याकडे बघायचे. ती वालाचं साल काढत असायची. मुलगी दुसऱ्याच आवाजात बोलायला लागली तेव्हा आईने मान हलवली, ओळखीचा माणूस रस्त्यात दिसल्यावर हलवतात तशी. मग पाद्री आला. हातात पुस्तक, पाणी शिंपडत.

"काय म्हणतोय तो?"

"म्हणतोय, निघून जा, मी तुला आज्ञा करतो."

"आणि तो जाणार? आल्या आल्या नीघ म्हटल्यावर?" ती खरोखरच चकित झाली होती. "काय पायजे ते विचारलंच न्हाय की त्यानं."

"तो सैतान आहे. त्याला काय विचारायचं?"

"तुला कुणी उंबऱ्यावरनं नीघ म्हटलं तर तू जाशील? तू तर हटून बसशील. लहानपणापासनं बघतेय." थोड्या वेळाने म्हणाली, "पाणी किती मारतोय. गारठली ती पोर."

पुढे मुलीचे हात पलंगाला बांधलेले दिसले. आईचे हात थांबले.

"बांधली?"

"स्वतःला लावून घेईल म्हणून."

"कुणी बांधू दिली?"

"तिच्या आईनेच."

"मग ती आई कसली," असं म्हणून तिने पातेल्यातून मूठभर वाल घेतले आणि पुन्हा सोलायला लागली. ती हे रागाने म्हणाली नाही. भात करपला, असं म्हणावं तशी म्हणाली.

सिनेमा संपायच्या आधीच ती ताट घेऊन उठली. चुलीपाशी जाता जाता म्हणाली, "शेवटी काय होतं ते सांग मला."

"मुलगी बरी होते. पाद्री मरतो."

"मरणारच. त्याच्या मागे कोण होतं?" आणि मग दारातून वळून, "पिक्चर चांगला हाय. पण सगळे समोर उभे राहतात गो. मागे कुणीच न्हाय. त्यांना धरता येत न्हाय."

रात्रीच्या जेवणात डाळिंब्यांची उसळ होती. मी तिला विचारलं, "तुला खरंच वाटतं का, देवी येते?"

"ते मला काय ठाऊक? मी पाठीमागे असते. तोंड मी बघतच न्हाय." भात कालवत म्हणाली, "पाठीवरनं कळतं काय ते."

तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. माझा बेत फसला होता आणि तो तिच्या लक्षातही आला नव्हता, किंवा आला होता.

गेल्या श्रावणात ती परसात चक्कर येऊन पडली. शेजारच्या काकींनी फोन केला. मी तिला पनवेलला आणलं. रक्तातलं सोडियम फार खाली गेलं होतं, फुफ्फुसातही जंतुसंसर्ग होता. आयसीयूमध्ये ठेवलं. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं आत सोडायचे. बाकी वेळ काचेच्या दाराबाहेरच्या खुर्च्या. मी पर्समध्ये पुस्तक घेऊन जात होते. ते उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिचं बोलणं बदललं. मला ओळखलं नाही. घशातून खोल, जाड आवाज येत होता, पुरुषासारखा. डॉक्टर तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, "याला डिलिरियम म्हणतात, मॅडम. वयस्कर पेशंटना होतं. त्यांना आपण कुठे आहोत तेच कळत नाही." मला ते पटलं. कुणीही भूतखेत म्हटलं नाही, मीही नाही. पण मी पलंगाच्या कडेला उभी राहून तिच्याकडे बघत होते आणि डोक्यात तो सिनेमा चालू होता. काळोखी खोली नव्हती, उलट ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांत जात होता. तरी तोच. वाकडं झालेलं तोंड, कुणा तिसऱ्याचा आवाज, पलंगाच्या कठड्याला लावलेली लाथ.

"आई, मी आहे," मी म्हटलं. "तू हॉस्पिटलात आहेस. पडून राहा."

"बाजूला हो," ती म्हणाली.

"आई, सलाइन निघेल."

"हो बाजूला. मधी उभी ऱ्हाऊ नको." आणि तिने मला ढकललं. तीन दिवस अन्न नसलेल्या बाईच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. माझा चष्मा खाली पडला. पलीकडच्या पलंगावर कुणीतरी कण्हत, ओरडत होतं, मधे हिरवा पडदा अर्धा ओढलेला होता. मी तिकडे पाहिलंही नाही. मी चष्मा शोधत होते.

सोमवारी दुपारी डॉक्टरने कागद पुढे केला. तिने दोनदा सलाइन ओढून काढली होती, नाकातली नळी काढली होती, कठड्यावरून पाय टाकून उतरायला गेली होती. पडली तर खुबा मोडेल. मऊ पट्टीने बांधतात, इजा होत नाही, तात्पुरतं असतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आजही मला ते बरोबरच वाटतं. मी सही केली. पेन परत देताना मला ते वाक्य आठवलं. मग ती आई कसली. इथे बांधू देणारी मुलगी होती, एवढाच फरक.

त्यानंतरच्या भेटींत ती शांत होती. मला ओळखलं नाही, पण ढकललंही नाही. ढकलणार कशाने?

गुरुवारी त्यांनी मला प्लास्टिकची पिशवी दिली आणि यादीवर सही घेतली. चष्मा, दातांची कवळी, कानातल्या कुड्या, केसांची क्लिप. गावी नेण्याच्या, आंघोळ घालण्याच्या, माणसांच्या गडबडीत मी पिशवी उघडली नाही. आंघोळ घालताना एक गोष्ट दिसली. तिच्या डाव्या मनगटावर पट्टीचा काळानिळा वळ होता, उजव्यावर अगदी पुसट. तेव्हा त्याचा अर्थ लावायला डोकं जाग्यावर नव्हतं.

तेराव्यानंतर पिशवी उघडली. क्लिप जांभळी होती, फुलपाखराच्या आकाराची, तिच्या दातांत लांब काळे केस अडकलेले. माझी आई आयुष्यभर काळी आकडी पिन लावत आली आणि तिचे केस पांढरे होते.

मी हॉस्पिटलला फोन केला. रिसेप्शनवरच्या मुलीने यादी तपासली आणि म्हणाली, चुकून कुणाची तरी आली असेल, टाकून द्या, मॅडम. मी हो म्हटलं. मग ती क्लिप पर्समध्ये ठेवली. चावी काढताना, बसचं तिकीट काढताना ती हाताला लागायची. फ्लॅटमध्ये ती टेबलावर ठेवली तर मी टेबलावर काम करू शकत नव्हते, ड्रॉवरमध्ये ठेवली तर उठून बघायचे की आहे ना. मला सारखं वाटत होतं की आईला त्या दिवसांत काहीतरी हवं होतं. ती बाजूला हो म्हणत होती, उतरू पाहत होती, म्हणजे कुठेतरी जायचं होतं. ती दरवर्षी परक्या बायकांना जे विचारायची ते तिला कुणी विचारलं नाही. मी तर तिला पडून राहा म्हटलं. आज्ञा केली.

नवरात्रात काकींचा फोन आला. "यंदा एकीचं कपाळ खांबाला लागलं. चार टाके."

"कोणी धरायला नव्हतं?"

"होत्या दोघी. समोरनं धरायला गेल्या, त्याच पडल्या." मग म्हणाल्या, "तू आली असतीस तर."

"मला नाही येत, काकी."

"तुझ्या आईला काय पोटातनं येत होतं? शिकलीच की ती पण."

फोन ठेवल्यावर मी घरातले दिवे लावले आणि दोन्ही खोल्यांमधून फिरले.

शेवटी डिसेंबरात मी हॉस्पिटलात स्वतः गेले. आयसीयूच्या दाराशी नवी सिस्टर होती, तिला काही माहीत नव्हतं. लिफ्टपाशी फरशी पुसणाऱ्या बाईला क्लिप दाखवली. ती म्हणाली, तेव्हा आत कामाला एक मावशी होती, तिला विचारा, पण ती नोकरी सोडून गेली, सुनेचं बाळंतपण होतं. नंबर तिच्याकडे होता. मावशीने फोनवर एवढंच सांगितलं, "फोनवर नको. या तुम्ही." तिचं गाव म्हसळ्याच्या पुढे, खाडीच्या काठाला. जानेवारीत एका रविवारी मी गेले.

घर चांगलं होतं, समोर टाइल्सचा ओटा, मुलगा कतारला. मावशी साठीची असेल. पाय लांब करून बसली होती आणि पायांवर आडव्या घातलेल्या नातीला तेल चोळत होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही बारीक झालात." मी तिला हॉस्पिटलात पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. तिने मला रोज पाहिलं होतं.

मी क्लिप पुढे केली. तिने तेलाचा हात लावला नाही, नुसती बघितली.

"ही तुमच्या अम्मीनं काढली. बाजूच्या पोरीच्या डोक्यातनं."

बाजूच्या पलंगावर एकवीस-बावीस वर्षांची मुलगी होती, मावशीने सांगितलं. ताप मेंदूत गेला होता. डोकं या कुशीवरून त्या कुशीवर आपटायची आणि ओरडायची. ती आली त्या दिवसापासून माझी आई तिच्याकडे बघत होती.

"सगळे म्हणायचे, आजी पळून जातेय. पळून कुठे जाणार? त्या पोरीकडे चालल्या होत्या. मला काय म्हणाल्या ठाऊक? 'तू नुसती उभी काय भरल्या हंड्यासारखी? पाय रोव आणि मागनं धर तिला.' मी म्हटलं, नानी, मला येत न्हाय. तर मला म्हणतात, 'मग मला जाऊ दे.'"

मी आईच्या आणि त्या मुलीच्या मधे उभी होते, पलंगाच्या त्या बाजूला. बाजूला हो. मधे उभी राहू नको.

"मंगळवारी दुपारी सिस्टर जेवायला गेली," मावशी म्हणाली. बाळाला तिने पालथं केलं आणि पाठीला तेल लावायला लागली. "पोरगी लय ओरडत होती. तुमची अम्मी बांधलेली, पण मान उचलून तिच्याकडेच. मला बघवेना. मी त्यांचा उजवा हात सोडला. पलंगाला खाली चाकं असतात, ती मोकळी केली आणि जरा पुढे सरकवला. हे कुणाला सांगू नका. नोकरी आता न्हाय, तरी सांगू नका."

"मग?"

"मग काय. आधी तिच्या केसांत हात घातला आणि ही काढली. दोन दिवस पोरीच्या डोक्याखाली टोचत होती. डॉक्टर, सिस्टर, मी, कुणी बघितली न्हाय. आम्ही म्हटलं तापानं डोकं आपटतेय. काढल्यावर निम्मी शांत झाली. मग मानेखाली हात घातला आणि धरून ऱ्हायल्या. विचारत होत्या, काय पायजे, सांग मला. परत परत तेच."

"ती बोलली?"

"बोलली ना."

"काय?"

मावशी हसली. "मी पण विचारलं. म्हणाल्या, 'तुला न्हाय सांगायचं.'"

मलाही हसू आलं. पाच-सहा महिन्यांत पहिल्यांदा, परक्या घरात, आणि ते आवरेना. मावशीने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि मला हसू दिलं.

"सिस्टर यायची वेळ झाली," ती पुढे म्हणाली. "पट्टी बांधायला माझा हात धजेना. त्यांनीच हात पुढे केला. म्हणाल्या, 'बांध, तुझी नोकरी जायला नको.' मी ढिली बांधली. क्लिप मुठीत होती, ती काय सोडली न्हाय. गेल्यावर मीच पिशवीत टाकली. त्यांची वस्तू."

म्हणजे मंगळवारी दुपारी ती अर्धा तास शुद्धीत होती, किंवा ज्याला शुद्ध म्हणतात त्याहून वेगळ्या कुठल्यातरी ठिकाणी होती. त्या वेळी मी काचेच्या बाहेर खुर्चीवर होते.

निघताना मी विचारलं. विचारायचं नाही असं ठरवून आले होते. "माझ्याबद्दल काही म्हणाली?"

मावशीने बराच वेळ आठवून पाहिलं. मला ते दिसत होतं, ती खरोखर आठवत होती.

"न्हाय," ती म्हणाली. "खोटं सांगता येईल, पण काही न्हाय बोलल्या."

"त्या मुलीचं काय झालं?"

"दुसऱ्या दिवशी मुंबईला हलवली. पुढचं ठाऊक न्हाय. अल्ला ठेवेल तसं." मग क्लिपकडे बघून, "तुम्हाला नको असेल तर द्या, ही मोठी झाली की लावेल."

मी क्लिप पर्समध्ये ठेवली. मावशीला वाईट वाटलं नाही. तिने मला लिंबाचा चहा दिला आणि एसटीची वेळ सांगितली.

परतीच्या गाडीत मी बसले, पण दोनदा सीट बदलली. आईला जे हवं होतं ते कळलं होतं. तिला घरी जायचं नव्हतं, माझ्यापासून लांब जायचं नव्हतं, तिला काम करायचं होतं. हे कळल्यावर पाय शांत होतील असं वाटलं होतं. ते झाले नाहीत. आता मी दुसऱ्याच गोष्टीचा विचार करत होते. मी त्या पलंगाशी समोरून उभी होते, तोंड बघत होते. तो सिनेमा मी इतक्या वेळा पाहिला होता की अंगात आलेलं माणूस कसं दिसतं ते मला पाठ होतं, आणि म्हणून मी माझ्या आईत तेच पाहिलं. तिथे अंगात आलेली बाई पलीकडच्या पलंगावर होती. माझी आई धरणारी होती, नेहमीसारखी. पाठ बघितली असती तर कदाचित कळलं असतं.

त्या संध्याकाळी मी पनवेलला न जाता गावी उतरले. आईच्या फडताळात खालच्या कप्प्यात बिस्किटांचा डबा होता. आत आकडी पिना होत्या, गंजलेल्या, काही नव्या, दोन चाप, एक मोत्यांची तुटकी क्लिप, बांगडीचा हिरवा तुकडा. ज्या बायका न्यायला आल्या नाहीत त्यांचं सगळं. जांभळी क्लिप मी त्यात ठेवली. तिच्या दातांत अडकलेले केस काढले नाहीत.

काकी विचारायला आल्या, पुढच्या अष्टमीला येशील ना. मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, "येऊन नुसती मागे उभी तरी ऱ्हा." मी त्याला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

सिनेमा लॅपटॉपमध्ये आहे. हॉस्पिटलच्या फाइलमध्ये माझी सही आहे. घराची चावी काकींकडे आहे आणि डबा फडताळात खालच्या कप्प्यात आहे. कुणी क्लिप मागायला आलं तर द्या आणि चहा टाका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. अजून कुणी आलेलं नाही.